रात्री तीनला मास्क आपोआप निघतो? मशीनला दोष देण्याआधी हे तपासा

तक्रार अशी. रात्री साडेदहाला सीपॅपचा, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावरच्या (स्लीप अ‍ॅप्निया) हवेच्या मशीनचा, मास्क नीट लावून झोपायचं. सकाळी उठून बघावं तर मास्क उशीच्या पलीकडे, कधी पलंगाखाली, आणि मशीन बंद. स्क्रीनवर वापर ४ तास १० मिनिटं. आपण काढल्याचं अजिबात आठवत नाही. पहिल्या महिन्यात मी ह्यांच्यावर संशय घेतला. ‘तुम्हाला आवाजाचा त्रास होतो म्हणून काढता का?’ असं विचारूनही झालं. त्यांनी हात जोडले.

आधी माझी कुंडली, म्हणजे पुढचं कशाला लागू आहे ते कळेल. वय ५६, राहणार सातारा, शाळेत गणित शिकवते. मधुमेह ११ वर्षांचा, बीपी, थायरॉईड, आणि पित्त तर माहेरूनच आणलेलं. झोपेच्या तपासणीत एएचआय ३४ आला, म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मी थेट तीव्रमध्ये. गंमत म्हणजे घोरण्याची तक्रार माझी कधी नव्हतीच. सकाळी डोकं जड, चौथ्या तासाला फळ्यासमोर पेंग, आणि रात्री तीनदा जाग. दोन वर्षं हे सगळं आधी पाळी जाण्याच्या खात्यावर, मग थायरॉईडच्या, मग ‘टेन्शन घेता तुम्ही फार’ या खात्यावर जमा होत गेलं. बायकांमध्ये हा आजार उशिरा लक्षात येतो तो बराचसा असाच.

सीपॅपचं काम साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, मशीन हवेचा दाब देऊन ती उघडी ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. आमचे हे मशीनला ‘उलटा व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणतात, आणि सुरुवातीची यंत्रं खरोखरच त्या जातीच्या पंख्यावर चालायची, तेव्हा फार चूक नाही त्यांचं.

तर मास्क निघण्यावर मी आधी जे सगळे करतात तेच केलं. पट्टे घट्ट केले, नाकावर वळ उठले. दुसरा मास्क घेतला, पैसे गेले. तिसरा घेणार होते, तेवढ्यात डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला: ‘मास्क काढायच्या आधी तुम्हाला जाग कशानं येते?’ मला सांगता येईना. झोपेत हात चेहऱ्याकडे जातो तो जाग आल्यावर. जाग आणणारा भलताच कुणी असतो, पण डोळे उघडल्यावर तोंडावर मास्क सापडतो म्हणून आळ त्याच्यावर येतो.

उशाशी वही

गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार! शंभर पानी वही आखली. रकाने चारच: जाग किती वाजता आली, सगळ्यात आधी काय जाणवलं, रात्री काय आणि किती वाजता जेवलो, झोपताना कुठल्या गोळ्या घेतल्या. ‘सगळ्यात आधी’ हे महत्त्वाचं. पाच मिनिटांनी लिहायला घेतलं की सगळंच मास्कमुळे झालंसं वाटतं. अंधारात लिहायचं, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. आणि आठवतच नसेल तर मशीनच्या मेनूत मास्क निघाल्यावर किंवा हवा गळल्यावर वाजणारा इशारा आहे का बघा. माझ्या मशीनमध्ये होता, बंद करून ठेवलेला. तो चालू केल्यावर चोर रंगेहाथ सापडायला लागला.

२१ रात्रींत १७ वेळा मास्क निघाला. लघवी ७ वेळा, नाक बंद ४ वेळा, घाम आणि धडधड ३ वेळा, पोटात हवा किंवा जळजळ २ वेळा. खुद्द मास्क टोचला म्हणून एकदा. मी नवीन मास्कवर खर्च करत होते तो त्या एकासाठी.

लघवीला उठलं की

गंमत अशी की स्लीप अ‍ॅप्निया स्वतःच रात्री लघवी वाढवतो. मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, त्याला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि तो मूत्रपिंडाला ‘सोडा’ असा निरोप देणारं संप्रेरक सोडतो. मशीन नीट चालू झालं की हे कमी होतं, माझंही झालं. पण दोनदा उठणं राहिलंच.

कारण सापडलं ते गोळीच्या पाकिटावर. बीपीची माझी गोळी जोडगोळी होती, नावापुढे ‘एच’ लावलेली. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. आठवण राहते म्हणून ती गोळी मी जेवणानंतर, दहाच्या ठोक्याला घ्यायचे! डॉक्टरांनी ती सकाळी हलवली. बीपीची गोळी रात्री घ्यायची की सकाळी हे मात्र स्वतः ठरवू नका, प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी ग्लिफ्लोझिन गटातल्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्याही संध्याकाळी घेत असाल तर विचारून घ्या. आणि साखर साधारण १८० च्या वर राहिली की कुठलीही गोळी न घेताही लघवी वाढतेच. तिथे दोष मशीनचा नाही, चार वाजताच्या बिस्किटांचा.

दुसरी भानगड पायांची. दिवसभर फरशीवर उभं राहून संध्याकाळी माझ्या घोट्यांवर मोज्याची रेघ उमटते. आडवं झालं की पायातलं हे पाणी वर सरकतं. थोडं मूत्राशयाकडे जातं, थोडं मानेकडे, आणि मानेतली सूज घशाची वाट अजून अरुंद करते. म्हणजे एकाच पाण्याचे दोन त्रास. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून बसायला लागले, पहिल्यांदा लाज वाटली, आता तिघीजणी बसतो. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनेही घोट्यांना सूज येते, मीही ती घेत होते, ती डॉक्टरांच्या कानावर घातली. सूज नवीन असेल, एकाच पायाला असेल किंवा दम लागत असेल तर खुर्चीवर पाय ठेवून भागवू नका, दाखवा.

सगळ्यात साधा उपाय मात्र मला कुणी सांगितलाच नव्हता. बाथरूमला जाताना मास्क काढायचाच नाही, नळी काढायची. बहुतेक मास्कना नळीच्या तोंडाशी दाबून सुटणारा सांधा असतो. मास्क तोंडावर तसाच, हत्तीची सोंड तेवढी पलंगावर ठेवून जायचं, परत येऊन खट्कन अडकवायची. पूर्वी परत आल्यावर पट्टे शोधायचा कंटाळा यायचा आणि ‘पाच मिनिटं पडू’ म्हणून सकाळ व्हायची. हे एक केल्यावर वापर ४ तासांवरून साडेपाचवर गेला.

घाम, धडधड आणि भलतीच शिकवण

हा भाग नीट वाचा, विशेषतः मधुमेह आणि पित्त दोन्ही असणाऱ्यांनी.

पित्तासाठी सगळे सांगतात, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. मी आज्ञाधारक. साडेनवाचं जेवण सात वाजता आणलं, तेही हलकं, एक भाकरी आणि मुगाचं वरण. जळजळ कमी झाली. पण आठवड्याभरात पहाटे अडीच-तीनला घामाने गाऊन भिजलेला, छाती धडधडतेय, आणि मास्क मी अक्षरशः ओरबाडून काढलेला. मला वाटलं गुदमरले. ह्यांना वाटलं हार्ट. तिसऱ्या वेळी ग्लुकोमीटर उशाशी होता. आकडा ६२.

७० च्या खाली साखर म्हणजे हायपो. मधुमेहाच्या संध्याकाळच्या ग्लिमेपिराइड गोळीचा डोस साडेनवाच्या भरपेट जेवणाला बेतलेला होता. जेवण दोन-अडीच तास अलीकडे आलं, तेही निम्मं झालं, गोळी तेवढीच राहिली. एका आजाराचा उपाय दुसऱ्या आजाराच्या औषधावर आदळला, आणि शिव्या खाल्ल्या तिसऱ्याच्या मास्कनं.

त्या वेळी करायचं काय: साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा ग्लुकोज पावडर. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. मग थोडं काही खाऊन झोपायचं, आणि मास्क लावूनच. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. माझी संध्याकाळची गोळी त्यांनी निम्मी केली. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त.

उपचार न झालेल्या अ‍ॅप्नियातही माणूस घाम फुटून, धडधडत उठतो. थायरॉईडची गोळी प्रमाणाबाहेर झाली तरी धडधड होते. पाळी जातानाच्या वाफाही अशाच. अंगाला जाणवतं ते सगळ्यांत एकच, त्यामुळे ‘मला कळतं हो माझं’ म्हणण्यात अर्थ नाही. निकाल ग्लुकोमीटरचा आकडा देतो. आकडा ठीक असेल तर मशीनचा त्या रात्रीचा एएचआय बघायचा, आणि तोही ठीक असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्यायची. थायरॉईडची गोळी कमी पडत असेल तर अ‍ॅप्निया आणखी बिघडतो, तेव्हा ही तपासणी दोन्ही बाजूंनी उपयोगाची.

पोट ढोलासारखं

सकाळी उठल्याउठल्या ढेकरावर ढेकर, पोट तट्ट, आणि खाली वारा सरतो तो सांगायची सोय नाही. ही मशीनची हवा, घशातून श्वासनळीऐवजी अन्ननलिकेत उतरलेली. पित्तवाल्यांना हे जास्त होतं असा अनुभव पुष्कळ जण सांगतात. जळजळ झाली की आपण झोपेत पुन्हा पुन्हा आवंढा गिळतो आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर हवा जाते.

मी दोन उशा घेऊन झोपायचे, पित्त वर येऊ नये म्हणून. ते उलट चुकीचं होतं. मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते, घशाची वाट दुमडते आणि पोट दाबलं जातं. ह्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवली, आडवी नाही, उभी धारेवर, त्यामुळे आठवड्यातच पलंग एकदा घसरला. मग सुताराकडून सहा इंची लाकडी ठोकळे करून आणले, वर खोबण पाडलेले. आता अख्खा पलंग कलता आहे, उशी एकच. कुशीवर झोपायचं, तेही डाव्या. डाव्या कुशीवर पित्त वर येणं कमी होतं, आणि उताणं न झोपल्याने घसाही कमी मिटतो. हा एकच उपाय मला दोन्ही आजारांना एका दिशेने चालणारा सापडला, बाकी सगळे भांडखोर.

पित्ताची गोळी, पँटोप्राझोल, मी चहा-पोहे झाल्यावर घ्यायचे. ती न्याहरीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आणि थायरॉईडची गोळी त्याहून आधी, उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर. सकाळचा हा क्रम मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर खडूने लिहून ठेवला आहे.

एवढं करूनही पोट फुगत राहिलं तर दाब बघावा लागतो. माझं मशीन ऑटो, म्हणजे दाब आपला आपण कमी-जास्त करणारं, आणि त्याला ४ ते २० ही अख्खी मोकळीक दिलेली. पहाटे हवा गळायला लागली की ते दाब चढवत १६ पर्यंत न्यायचं. डॉक्टरांनी दोन आठवड्यांचा डेटा बघून वरची मर्यादा १२ केली आणि श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोय चालू केली. एएचआय ३ च्या आसपासच राहिला, ढेकर बरेच थांबले. हे आकडे माझे आहेत, तुमच्या मशीनला लावू नका.

नाक

साताऱ्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, आणि माझ्या नाकाला पूर. नाक बंद म्हणजे तोंड उघडं, तोंड उघडं म्हणजे नाकाच्या मास्कची हवा तोंडातून बाहेर, जीभ टाळूला चिकटलेली, आणि जाग.

मी करते ते असं. झोपायच्या आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, आपली जलनेतीच. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. मग डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा. तो डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही, पडद्यावर मारला की रक्त येतं. हा फवारा दोन-चार दिवसांत चमत्कार दाखवत नाही, एक-दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. चमत्कार दाखवतात ते दुसरे थेंब, नाक तत्काळ मोकळं करणारे. त्यांची सवय वाईट. तीन ते पाच दिवसांपुढे गेलात की नाक त्या थेंबांमुळेच बंद व्हायला लागतं. मी एका पावसाळ्यात दीड महिना वापरले होते, सोडताना रडकुंडीला आले.

बीपीवाल्यांनी सर्दीची गोळी मेडिकलमधून उचलताना मागची बाजू वाचावी. फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलेलं असेल तर ते बीपी वाढवू शकतं.

तोंड उघडंच राहत असेल तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क हा पर्याय आहे. ओठांना चिकटपट्टी लावायचं फॅड मी दूरच ठेवलं. नाक कधी बंद पडेल सांगता येत नाही आणि पित्ताची उलटी कधीही येऊ शकते. उलटीची भावना आली की पूर्ण चेहऱ्याचा मास्क मात्र आधी काढायचा, तिथे नियमबियम काही नाही.

झोपेची गोळी मागण्याआधी

‘मास्कनं झोप येत नाही, काहीतरी द्या ना’ हे मीही म्हटलं होतं. घरात ह्यांच्या बहिणीच्या अल्प्राझोलामच्या गोळ्या होत्या, अर्धी घ्यायचा मोह झाला होता. ती गोळी घशाचे स्नायूही सैल करते आणि अशा वेळी मास्क निघाला तर श्वासाचं थांबणं लांबतं. गुडघेदुखीवर मिळणारी ट्रामाडॉलसारखी औषधं श्वासाचा वेग मंद करतात. दारूचंही तेच. म्हणून आता कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्या सुद्धा, गेले की पहिलं वाक्य ‘मला स्लीप अ‍ॅप्निया आहे, मशीन वापरते’. शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना हे सांगायचंच, आणि मशीन दवाखान्यात सोबत न्यायचं.

आता मास्कची बाजू

१७ पैकी एकदा का होईना, दोषी होता. आमच्या बायकांच्या काही खास अडचणी माहितीपत्रकात नसतात. रात्री डोक्याला खोबरेल चोळून वेणी घातली की मागचा पट्टा घसरतो. अंबाडा असेल तर पट्टा त्याच्यावर बसतो आणि कूस बदलली की सगळं वर सरकतं. वेणी सैल, मानेच्या खाली, आणि तेल शनिवारी दुपारी, रविवारी सकाळी न्हाणं, असं वेळापत्रक मी बदललं. तोंडाला क्रीम लावून मास्क लावलात तर सिलिकॉनची गादी चिकट होते आणि लवकर खराब होते. गादी रोज सकाळी साध्या साबणाच्या पाण्यानं धुते, सावलीत वाळवते. पुरुषांत मिशांची अडचण, त्यावर उशी पद्धतीचे नाकपुड्यांचे मास्क बरे पडतात म्हणे.

पट्टे उभं राहून बांधू नका. आडवं व्हा, मशीन चालू करा, हवा आली की मास्क किंचित उचलून पुन्हा टेकवा, मग गळणार नाही एवढंच आवळा. एका कुशीला आणि दुसऱ्या कुशीला बघा. डोळ्यात वारा लागतो, सकाळी डोळे लाल होतात, तर नाकाच्या मुळाशी गळतंय. पेसमेकर किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीवर धातूची क्लिप बसवलेली असेल तर मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या चकत्या आहेत का बघा. त्या अशा उपकरणापासून सहा इंच दूर ठेवाव्या लागतात, आणि ते झोपेत कसं जमणार! बिनचुंबकाचा मास्क मागा. जवळ झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी.

डिसेंबरात गुडगुड आवाज यायचा आणि अचानक नाकावर गार पाण्याचा थेंब. हवा ओलसर राहावी म्हणून मशीन पाणी तापवतं, त्या ओलाव्याची वाफ गार नळीत थिजून पाणी होते. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, नळी गोधडीच्या आतून घेतली, ओलावा एक आकडा उतरवला, संपलं.

वीज गेली तर? पावसाळ्यात आमच्याकडे जातेच. मास्कला बाहेरची हवा येण्याची सोय असते, गुदमरून मरत नाही माणूस, पण उपचार बंद पडतो आणि जाग येते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, आणि त्यावर चालवताना ओलावा आणि तापणारी नळी बंद ठेवा. मशीनचा पंखा फार वीज खात नाही, खातो तो हीटर.

मशीनच्या आकड्यांत काय बघायचं

तीनच: तास, गळती, एएचआय. उपचारावर असताना एएचआय ५ च्या खाली हवा. माझ्या मशीनवर गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की लाल खूण येते, प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी असते. ज्यांना खोलात शिरायचं आहे त्यांच्यासाठी ऑस्कर नावाचा मोफत संगणक प्रोग्रॅम आहे, मशीनचं मेमरी कार्ड लावलं की रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख दिसतो. मला तो आवडतो. ह्यांचं म्हणणं, सकाळी पेपरऐवजी आलेख वाचणारी बायको फक्त माझ्याच नशिबी.

एक आकडा मात्र घरी सोडवू नका. अहवालात ‘सेंट्रल’ प्रकारचे श्वास थांबणे बरेच दिसायला लागले, म्हणजे घसा उघडा आहे पण मेंदूच श्वासाची आज्ञा देत नाही, तर हृदयाची आणि औषधांची तपासणी लागते. हृदय कमजोर असणाऱ्यांत हे दिसतं, आणि त्यावर चालणारं एक खास मशीन अशा काही रुग्णांना घातक ठरतं असं २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. म्हणून कुणाचं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून आणून लावायचं नाही. आडवं झाल्यावर दम लागून उठावं लागणं, छातीत दुखणं, गाडी चालवताना डुलकी, यांपैकी काहीही असेल तर वही राहू द्या बाजूला, आधी डॉक्टर.

माझी सध्याची स्थिती: मागच्या ३० रात्रींत २६ रात्री सहा तासांच्या वर. बीपी उतरलं ते थोडंच, मशीनमुळे ते सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं हे आधी माहीत असतं तर मी निराश झाले नसते. साखरेत फरक नाही. चौथ्या तासाची पेंग मात्र गेली, नववी ब ला विचारा.

राहिलेल्या चार रात्रींपैकी एक पित्ताची, एक सर्दीची, आणि दोन कराडला भाचीच्या लग्नात. सगळ्या बायका हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून, आणि प्लग एकच, तोही लोखंडी कपाटाच्या मागे. आता बॅग भरताना साडीच्या आधी पाच मीटरचं एक्स्टेन्शन बोर्ड आत जातं.